विंडोज १० बंद झालं म्हणून धडधाकट मशीन भंगारात घालायचं का?

पेंग्विन_लातूर

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. तेव्हापासून गंजगोलाईत कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याकडं जा, एकच पाढा ऐकायला मिळतो: "हे मशीन आता गेलं, नवीन घ्या." कशानं गेलं? सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, वर एसएसडी. चालू केलं की पाणी पिऊन येईपर्यंत तयार असतं. पण विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते आणि ती बाजारात आली २०१७ च्या शेवटाकडं. म्हणजे २०१७ च्या उन्हाळ्यात नवंकोरं मशीन घेतलेला माणूस नियमात बसत नाही, दिवाळीत घेतलेला बसू शकतो.

सुरक्षेसाठी टीपीएम २.० (मशीनमधल्या गुप्त किल्ल्या जपणारी चिप) लागतं, असं कारण देतात. अहो, इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीत पीटीटी नावानं तेच आहे, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करायचं फक्त. अडतंय ते प्रोसेसरच्या यादीपाशी, आणि यादी कंपनीनं केलेली. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच माणसानं कंपनीच्या परिषदेत सांगितलं होतं की विंडोज १० हे शेवटचं विंडोज. ५ ऑक्टोबर २०२१ ला ११ हजर!

माझं मत सरळ आहे. हा मशीन विकायचा धंदा आहे. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाका, एमएस ऑफिसच्या जागी लिबरऑफिस टाका, ब्राउझर म्हणून फायरफॉक्स टाका, अजून पाच वर्षं निघतील. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांची प्रमाण बटणरचना) आयताच मिळतो, मुक्तासारखा फॉन्ट फुकट आहे. आपल्याकडची निम्मी जनता मशीन चालू करते ती ब्राउझर उघडायला. ब्राउझरला खाली काय आहे याचं काय पडलंय?

छापखाना_नांदेड

पेंग्विन भाऊ, निम्म्या जनतेचं सांगायलाव, उरलेल्या निम्म्याचं कोण बघायचं?

माझं दुकान वजिराबादेत. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, वाढदिवसाचे बॅनर. सगळा माल कोरल आणि पेजमेकर या छपाईच्या मांडणीच्या प्रोग्राममध्ये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, ते मला बी ठाऊक हाय, शिकवू नका. पण वीस वर्षांच्या फायली त्यात हायेत, आणि त्या युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये 'अ' हा 'अ' म्हणून साठवलेलाच नसतो, इंग्रजी अक्षराच्या जागेवर चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट नसला की शुभविवाहाच्या जागी कंस, टिंबं आन् डॉलरची चिन्हं. फॉन्टच्या पॅकेजला वर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची किल्ली. डोंगल विंडोजशिवाय बोलत नाही. गिऱ्हाईक येतंय, "थोरलीची पत्रिका काढा, तारीख आन् नाव बदला, बाकी तीच ठेवा" म्हणतंय. त्याला काय मी मिंटचा चहा पाजू?

पेंग्विन_लातूर

मालक, तुमचं खरं आहे, पण तुमचं दुकान म्हणजे अख्खा मराठवाडा नाही. आणि हा फॉन्टचा तिढा लिनक्सनं घातलेला नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तेव्हापासून नाही तर निदान २०१० पासून तरी नवीन काम युनिकोडमध्ये केलं असतं, तर आज अर्ध्या फायली मोकळ्या असत्या. उद्या ते डोंगल जळालं तर विंडोज ११ सुद्धा तुम्हाला वाचवणार नाही. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, रोज थोडं थोडं करा.

छापखाना_नांदेड

कन्व्हर्टर रफार खातंय, जोडाक्षरं मोडतंय. नवरीच्या आडनावात चूक झाली तर तिचा मामा दुकानात येऊन बसतोय, कन्व्हर्टर लिहिणारा नाही येत.

सिसॲडमिन_संभाजीनगर

दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहून जातेय. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात मशिनी सांभाळतो, त्यामुळं हे जरा कोरडं वाटेल.

'सगळा विक्रीचा धंदा' हे अर्धसत्य आहे. २०२१ मध्येच मायक्रोसॉफ्टनं आकडा दिला होता: चाचणीच्या काळात नियमात न बसणाऱ्या मशिनींवर कर्नल पातळीचे (सिस्टीमच्या गाभ्यातले) क्रॅश ५२ टक्के जास्त झाले. आकडा कंपनीचा आहे, मीठ लावून घ्या. तरी नव्या विंडोजमध्ये मेमरीचं रक्षण हार्डवेअरच्या आधारानं होतं आणि जुन्या प्रोसेसरवर त्याचा भार पडतो, हे खोटं नाही. सातव्या पिढीला बाहेर ठेवणं मात्र मलाही पटलेलं नाही. रेघ एक घर मागं ओढता आली असती.

खरा धोका तिसराच आहे. लोक नवीन घेणार नाहीत आणि लिनक्सही टाकणार नाहीत. विंडोज १० तसंच चालवतील. मे २०१७ चा वॉनाक्राय आठवा, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. तो ज्या भोकातून शिरला त्याचं ठिगळ, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं, दोन महिने आधी. बळी पडली ती बहुतेक विंडोज ७ ची मशिनी, ज्यांच्यावर ते ठिगळ कुणी लावलंच नव्हतं. आता तर विंडोज १० ला आपोआप नवीन ठिगळ येणारच नाही.

घरगुती वापराला एक वर्षाची सोय आहे, हे दुकानदार सांगत नाहीत. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला, तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट फुकट मिळतात. एवढ्या काळात शांतपणे ठरवा.

पेंग्विन_लातूर

सर, अपडेटचं एवढं कौतुक करताय म्हणून आठवण देतो. १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीचं एक चुकीचं अपडेट गेलं आणि जगभरातली ८५ लाख विंडोज मशिनी निळी पडली. आपल्या विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहिले. अपडेट न घेणारे त्या दिवशी मजेत होते.

सिसॲडमिन_संभाजीनगर

ते विंडोजचं अपडेट नव्हतं, कर्नलमध्ये बसणाऱ्या तिसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचं होतं. आणि तुमच्या पेंग्विनलाही, म्हणजे लिनक्सलाही, दृष्ट लागते बरं का. मार्च २०२४ मधला एक्सझेड या लिनक्समध्ये फायली आवळणाऱ्या खुल्या प्रोग्रामचा प्रकार विसरलात? कुणीतरी दोन-अडीच वर्षं चांगुलपणाचं सोंग करून त्या प्रकल्पात शिरला आणि चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच लॉगिन (दूरच्या मशीनवर शिरायचं) अर्धा सेकंद उशिरा होतंय एवढंच खटकलं, म्हणून उघडकीला आलं. नाहीतर जगातले किती सर्व्हर उघडे पडले असते, विचार करा.

पेंग्विन_लातूर

कोड सगळ्यांना खुला होता म्हणून तर त्याला मुळापर्यंत जाता आलं! बंद कोडमध्ये तो अर्धा सेकंद कुणी शोधला असता?

सिसॲडमिन_संभाजीनगर

खुला होता हे मान्य. पण दरवाजाचा महत्त्वाचा भाग चाचणीच्या फायलींत लपवला होता, आणि बाकीच्या हजारो जणांच्या डोळ्यांसमोरून तो गेलाच ना. एका माणसाच्या चिकित्सक स्वभावावर आपण वाचलो, याला मी सुरक्षा म्हणत नाही.

प्राध्यापक_बीड

तुम्ही दोघं घरच्या मशीनवर अडकलात. मला मोठा प्रश्न दिसतो तो एका कंपनीच्या हातात सगळ्या किल्ल्या असण्याचा. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जीचं काय झालं? गुजरातेत वाडीनारला एवढी मोठी रिफायनरी, त्यात रशियन तेल कंपनीचा वाटा. युरोपियन युनियननं निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टनं ईमेल, टीम्स सगळं अडवलं. भारतीय कायद्यानं चालणारी कंपनी, परवान्याचे पैसे भरलेले, तरी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. मग काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. त्यानंतर सप्टेंबरात आपलं सरकार झोहो या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीच्या नावानं झोहो झोहो करू लागलं. आधी सुचायला काय झालं होतं?

केरळनं हे फार आधी केलंय. तिथल्या सरकारी शाळांतली मुलं गेली कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकतात, त्यांची काइट नावाची सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःचं लिनक्स तयार करते. पुण्यात मुख्यालय असलेल्या आपल्या सरकारी सी-डॅक संस्थेनं बॉस नावाचं लिनक्स कधीच आणलं होतं. सांगा, बीड जिल्ह्यातल्या किती शाळांत बघितलंत?

छापखाना_नांदेड

सर, माझ्या छापखान्यावर युरोप कशाला निर्बंध घालील? रशियाचं तेल मी थोडंच शुद्ध करतोय, शाई आणतोय हैदराबादहून.

संगणकवर्ग_उदगीर

प्राध्यापक सर, केरळचं उदाहरण मलाही आवडतं, पण तिथं वरून खालपर्यंत सगळं बदललं. अभ्यासक्रम, शिक्षकांचं प्रशिक्षण, सगळं. माझा क्लास आहे. माझ्याकडं येणाऱ्या मुलींना 'एमएस ऑफिस येतं का' असं विचारणाऱ्या नोकऱ्या मिळवायच्या आहेत. पतसंस्था, दवाखान्याचं काउंटर, खतांचं दुकान. एका मुलीला मी लिबरऑफिसवर पक्कं शिकवलं, पिव्होट टेबलसकट. मुलाखतीत समोर एक्सेलची ती वरची रिबन आली आणि ती घाबरली. तिला येत नव्हतं असं नाही हो, दिसत नव्हतं.

आणि सरकारी टायपिंगची परीक्षा विंडोजवरच घेतली जाते. जुन्या टाइपरायटरसारखी बटणांची रचना पाठ केलेल्या मुलीला इनस्क्रिप्ट घे म्हटलं तर तिचा वेग निम्म्यावर येतो. परीक्षा मिनिटांवर चालते, तत्त्वावर नाही.

प्राध्यापक_बीड

ताई, तुमचं म्हणणं मान्य केलं तर बदल कधीच होणार नाही. नोकरी देणारा विचारतो म्हणून क्लास शिकवतो, क्लास शिकवतो म्हणून नोकरी देणारा विचारतो.

संगणकवर्ग_उदगीर

सर, ते चाक फिरवायला आधी सरकारनं हात लावावा. महिन्याची फी भरणाऱ्या बापाच्या पोरीवर प्रयोग करायचा अधिकार मला नाही. आणि सरकारांचंही सांगते, जर्मनीत म्युनिक महापालिकेनं २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, हजारो मशिनी बदलल्या आणि २०१७ मध्ये परत विंडोजचा ठराव केला. एवढ्या श्रीमंत शहराला जमलं नाही.

प्राध्यापक_बीड

त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं २०२४ मध्ये जवळपास ३० हजार सरकारी मशिनी लिबरऑफिसवर न्यायचं जाहीर केलं, तेही सांगा की. म्युनिक जरा घाईनं परतलं, असं माझं मत.

सेतूवाला_परभणी

मोठ्या लोकांच्या गप्पा वाचतोय कधीपासून. माझं गाऱ्हाणं लहान हाय. उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, सातबारा, आधारशी जोडलेली कामं. सगळं ब्राउझरात, हे पेंग्विन दादाचं बरोबर. पण बोटाच्या ठशाचं मशीन लावलं की त्याची आरडी सर्व्हिस (ठसा आधारकडं पोचवणारा प्रोग्राम) लागतीय, ती बहुतेक विंडोज नाहीतर अँड्रॉइडसाठी. विमा भरायच्या शेवटच्या दिवशी दारात रांग असती, तवा मला टर्मिनलमध्ये आज्ञा टाईप करायला कुणी लावू नये.

दुसरं, प्रिंटर. कॅननचा एलबीपी २९०० बघा, खेड्यापाड्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात तोच. लिनक्सवर चालतो का?

पेंग्विन_लातूर

चालतो, पण आडमुठा आहे. पान रचायचं काम तो कॉम्प्युटरवर टाकतो आणि कंपनीच्या कॅप्ट नावाच्या खास भाषेत बोलतो. लिनक्ससाठी कंपनीचा ड्रायव्हर आहे, जुना आहे, ३२ बिटच्या लायब्ररी मागतो. हौशी लोकांनी खुला ड्रायव्हरही लिहिलाय. तुमच्या रांगेच्या दिवशी ते करत बसा असं मी म्हणणार नाही. डिजिटल सहीच्या टोकनचं मात्र उगाच घाबरवतात. ईपास २००३ हे आपल्याकडं सर्रास दिसणारं टोकन लिनक्सवर चालतं.

सेतूवाला_परभणी

म्हणजे सही होईल, अंगठा होणार नाही. आमच्याकडं येणाऱ्यांत सहीवाले किती आन् अंगठेवाले किती, ते येऊन बघा एकदा.

सिसॲडमिन_संभाजीनगर

सेतूच्या मशीनवर विंडोज ११ घ्याच, तिथं लोकांचे आधार आणि बँकेचे कागद असतात. सेकंडहँड घ्या, पण आठव्या पिढीच्या पुढचं. दिल्लीच्या नेहरू प्लेसहून कंपन्यांची वापरलेली मशिनी येतात, ती ठीक असतात. बिल आणि प्रोसेसरचा नंबर बघून घ्या, 'आय-५ आहे' एवढ्यावर भुलू नका, कारण दुसऱ्या पिढीचाही आय-५ असतो. रॅम आत्ता वाढवून घेऊ नका, भाव पेटलेत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचललीय. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीनं तर क्रूशियल नावानं आपल्यासारख्यांना रॅम विकायचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

पेंग्विन_लातूर

आता बघा, माझाच मुद्दा तुम्ही मांडला. रॅम महाग, नवीन मशीन महाग, आणि हातातलं चांगलं मशीन फेका म्हणे!

संगणकवर्ग_उदगीर

पेंग्विन दादा, एक विचारते, रागावू नका. 'लिनक्स फुकट आहे' हे आपल्याकडं चालत नाही, कारण विंडोजला तरी पैसे कोण देतंय? दुकानदार मशीनसोबत क्रॅक टाकूनच देतो. ज्याला दोन्ही फुकट, तो ओळखीचं घेणार. तुमच्या लिनक्सची खरी लढाई मायक्रोसॉफ्टशी नाही, त्या क्रॅकवाल्या पेनड्राइव्हशी आहे.

सिसॲडमिन_संभाजीनगर

ताई, हे लाख बोललात. ॲक्टिव्हेशनची क्रॅक चालवायची म्हणजे आधी अँटिव्हायरस बंद करा, असं तो दुकानदारच सांगतो. अनोळखी प्रोग्रामला मशीनचे सगळे अधिकार देऊन टाकायचे आणि मग टीपीएमवर वाद घालायचा.

छापखाना_नांदेड

माझं विंडोज अस्सल हाय, बिल दाखवतो. पण ते ७ हाय. पेजमेकर त्याच्यावर गुमान चालतंय. त्याचं नेट मी काढून टाकलंय, आता काय व्हायचं ते होऊ द्या.

सिसॲडमिन_संभाजीनगर

नेट काढलंत हे उत्तम केलंत. पण गिऱ्हाईक फोटो कशात आणतं?

छापखाना_नांदेड

पेनड्राइव्हमध्ये. नाहीतर व्हॉट्सॲपवर पाठवतंय, ते मी दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हनं इकडं घेतो.

सिसॲडमिन_संभाजीनगर

मग नेट काढून अर्धंच काम झालं. मालक, इथं मी पेंग्विनच्या बाजूनं बोलतो. ते मधलं मशीन लिनक्सचं ठेवा. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आणि व्हॉट्सॲप दोन्ही त्याच्यावरच उघडा, फक्त फोटो आणि मजकूर उचला, आणि तेवढंच तुमच्या स्वतःच्या, वेगळ्या ठेवलेल्या पेनड्राइव्हनं विंडोज ७ कडं न्या. विंडोजचे व्हायरस लिनक्सवर सहसा चालत नाहीत, आणि .exe अशी शेपटी असलेला 'फोटो' तिथं लगेच उघडा पडतो.

छापखाना_नांदेड

आन् ते मशीन आणू कुठून? रॅमचे भाव तुम्हीच सांगितले.

पेंग्विन_लातूर

नवीन काही घेऊ नका. चौथ्या पिढीचं, ४ जीबीचं एखादं धूळ खात पडलं असेल ना दुकानात? त्यावर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका, एवढ्या कामाला पुरेल. मी शनिवारी नांदेडला येणारच आहे, इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह घेऊन येतो.

छापखाना_नांदेड

या. पण दुपारी चारच्या नंतर या, सकाळी पत्रिकांची घाई राहतीय. आन् पेजमेकरच्या मशीनला हात लावायचा नाही, आत्ताच सांगून ठेवतो.