मदत हवी आहे : ब्लूटूथ जोडलं की ऊनोवर प्रोग्रॅम चढत नाही

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मागावर पिक (आडवा धागा एकदा पडला की एक पिक) मोजायला आर्डुइनो ऊनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड बसवतोय. सेन्सर पिन २ वर, इंटरप्टवर (सिग्नल आला की बोर्ड हातातलं काम थांबवून आधी तो मोजतो). आकडा मोबाईलवर दिसावा म्हणून एचसी-०५ ब्लूटूथ पिन ० आणि १ वर जोडलं, तिथून गाडी अडली. अपलोड दिलं की ‘नॉट इन सिंक’, दहा वेळा तेच.

आधी पोर्ट चुकला वाटलं. केबल बदलली, सीरियल मॉनिटर बंद केला, काही नाही. शेवटी वैतागून पिन ० ची वायर उपसली, तर पहिल्या फटक्यात चढला! म्हणजे यूएसबी आणि ब्लूटूथ एकाच पिनवर भांडतायत, एवढं कळलं. पण दर वेळी वायर काढून-घालून जंपर ढिले झालेत, त्यात मागाचा हादरा.

आता सॉफ्टवेअरसीरियल (साध्या पिनांवर सीरियल चालवणारी लायब्ररी) लावून ब्लूटूथ पिन १०-११ वर न्यावं का? ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिट) वेगाला एक अक्षर पाठवताना साधारण १ मिलीसेकंद इंटरप्ट बंद राहतात म्हणे. सेकंदाला दोन-तीनच पिक पडतात, तरी मोजणी चुकेल का? की सरळ चार सीरियल पोर्टवाला मोठा बोर्ड, आर्डुइनो मेगा, घेऊ? मागावर कुणी वापरलंय का? वडील रोज विचारतायत, “झालं का रे तुझं?”