मदत हवी आहे: लहानपणी बाप्तिस्मा झालाय, आता पुन्हा घ्यायला सांगतात

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. माझा बाप्तिस्मा तान्ही असताना चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत, पाणी शिंपडून झाला. पंधराव्या वर्षी दृढीकरणही (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालं. दोन्हींचे दाखले आहेत. आता लग्न ठरलंय. मुलाकडची मंडळी पेंटेकॉस्टल, म्हणजे कळत्या वयात, पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा मानणारी. त्यांचे पाळक म्हणतात, पाण्यात बुडवून पुन्हा घ्या, तरच लग्न लावू.

त्यांच्याशी दोनदा बसून बोलले. ते मार्क १६:१६ दाखवतात: आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. मी प्रेषितांची कृत्ये १६:३३ काढलं, बंदिशाळेच्या नायकाच्या घरातल्या सर्वांचा झाला. ते म्हणाले, त्या घरात तान्ही मुलं होती असं कुठे लिहिलंय? ते खरंच लिहिलेलं नाही. पण इफिसकरांस ४:५ मधला "एकच बाप्तिस्मा"? त्यावर उत्तर एवढंच, की तुमचा पहिला झालाच नाही. १९७० मध्ये अनेक चर्च एकत्र येऊन आमचं चर्च झालं, त्यात कळत्या वयात बुडवून बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही आले, म्हणून आमच्याकडे दोन्ही पद्धती चालतात, पण झालेला पुन्हा देत नाहीत. आई पिवळा पडलेला दाखला समोर ठेवून म्हणाली, "मग हा खोटा का?" तेच मला टोचतंय.

लग्नानंतर त्यांच्या मंडळीत जायला माझी ना नाही. नुसतं नोंदणी पद्धतीचं लग्न दोन्ही घरांना नको.

बुडवून न घेता, मंडळीसमोर विश्वासाची साक्ष देऊन अशा मंडळीत कुणाचं लग्न लागलंय का? पाळकांना नेमकं काय सांगितलंत? आणि घेतलाच, तर माहेरच्या मंडळीतलं सभासदत्व राहतं का?