मदत हवी आहे: मुंबईतल्या नेट-झिरो घरासाठी भूऔष्णिक हीट पंपाचे सिम्युलेशन

नमस्कार. बोरिवलीतील एका दुमजली घराचे सिम्युलेशन मी एनर्जीप्लस या इमारतींच्या ऊर्जावापराचा हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करत असून, घराला वर्षभरात लागणारी सगळी वीज गच्चीवरील सौर पॅनेलमधून मिळावी, म्हणजे घर नेट-झिरो व्हावे, हे उद्दिष्ट आहे.

थंड प्रदेशांत हीट पंप हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढतो आणि उन्हाळ्यात ती परत सोडतो, त्यामुळे हिशोब बराचसा जुळतो. आपल्याकडे मात्र बाराही महिने गारवाच हवा असल्याने घरातली उष्णता जमिनीत फक्त साचत जाते आणि जमिनीचे मूळ तापमानच सुमारे २७ अंश, म्हणजे हवेच्या वार्षिक सरासरीइतके असते. परिणामी २० वर्षांचे सिम्युलेशन चालवले की बोअरमधून (जमिनीत उष्णता सोडणाऱ्या नळ्यांच्या खोल छिद्रातून) परतणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा आलेख दर मे महिन्यात आदल्या मेपेक्षा थोडा वर सरकतो, पंपाची कार्यक्षमता घसरते आणि नेट-झिरोचे गणित कोलमडते.

माझी खरी अडचण पुढे आहे. हे मॉडेल जमिनीतून केवळ वहनाने, म्हणजे पाणी न वाहता माती-खडकातूनच, उष्णता जाते असे धरते. पण इथल्या बेसाल्टच्या भेगांतून पावसाळ्यात पाणी वाहते आणि ते बरीच उष्णता सोबत नेत असणार. हा परिणाम वाहकता वाढवून दाखवणे मला अप्रामाणिक वाटते. भूजलप्रवाहाचे वेगळे मॉडेल जोडावे, की छोटा कूलिंग टॉवर (उष्णता हवेत सोडणारे यंत्र) घेऊन जमिनीवरील भार कमी करावा? कोकणपट्टीत अशी बोअर प्रत्यक्ष चालवलेल्या कोणाकडे पाण्याच्या तापमानाच्या नोंदी असल्यास कृपया कळवावे.