सोसायटीला अग्निशमन दलाची नोटीस आली आहे, दीड लाखात आधी काय करावं?

सचिव_डोंबिवली
स्टिल्ट (खाली खांबांवरचं पार्किंग) + 7 मजले, 28 फ्लॅट, 2004 ची इमारत, उंची साधारण 23 मीटर. गच्चीवर 25,000 लिटरची फायर टाकी आणि 900 एलपीएमचा (मिनिटाला 900 लिटर) पंप, प्रत्येक मजल्यावर हायड्रंट (आगीच्या पाण्याचा नळ) आणि होज रील. नोटिशीत तीन मुद्दे आहेत: फॉर्म बी (यंत्रणा चालू असल्याचं सहामाही प्रमाणपत्र) दिलेला नाही, पंप बंद, जिन्यात व पार्किंगमध्ये अडथळे. एका एजन्सीचं कोटेशन 4,60,000 चं आहे: नवा पंप, नवं पॅनल, 16 होज, 18 सिलिंडर, सायरन. सोसायटीकडे खर्चायला दीड लाख आहेत. आधी काय करावं, नंतर काय, आणि काय टाळता येईल?

हाइट्स_बी_विंग
अर्धवट काही करू नका. प्रत्येक लॉबीत स्मोक डिटेक्टर, प्रत्येक मजल्यावर हूटर, पी.ए. सिस्टिम, सगळं ॲड्रेसेबल पॅनलवर. आमच्याकडे हेच आहे. कोणत्या मजल्यावर धूर आहे ते गेटवर बसलेल्या वॉचमनला दिसतं. खर्च साडेआठ लाख. फ्लॅटमागे तीस-पस्तीस हजार काढले की झालं.

सचिव_डोंबिवली
दादा, दीड लाख आहेत.

पाइप_आणि_पंप
कोटेशन बाजूला ठेवा, आधी चाचणी घ्या. सातव्या मजल्याच्या हायड्रंटला होज आणि ब्रांच (होजच्या तोंडाचा पाइप) लावा, पॅनल ऑटोवर ठेवा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. प्रेशर पडल्यावर पंप आपोआप सुरू झाला पाहिजे आणि सर्वात वरच्या हायड्रंटला दोन किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर मिळालं पाहिजे. तळमजल्यावर चाचणी घेतलेली मान्य करू नका. टाकी गच्चीवर असल्यामुळे 10 मीटरला 1 किलो या हिशेबाने खाली पंप बंद असतानाही दोन-सव्वादोन किलो मिळतात. धो धो पाणी दिसतं आणि रिपोर्टवर 'चालू' लिहिलं जातं. त्याच वेळी सातव्या मजल्यावर टाकी जेमतेम तीन मीटर वर असते, म्हणजे 0.3 किलो. त्यात होजच्या तोंडाशी नुसती धार लागते. गच्चीवरचा पंप वरच्या मजल्यांसाठीच असतो.

पंप 'बंद' म्हणजे नेमकं काय ते बघा. बहुतेक ठिकाणी मोटर चांगली असते. वर्षभर न फिरल्यामुळे ग्लँड (शाफ्टभोवतीचं सील) सुकून शाफ्ट जाम होतो, किंवा कुठेतरी गळतीने प्रेशर पडून पंप रात्री-अपरात्री सुरू होतो म्हणून कोणीतरी पॅनल मॅन्युअलवर टाकून ठेवतं. ग्लँड पॅकिंग, बेअरिंग, प्रेशर स्विच, लागलीच तर रिवाइंडिंग. हे नव्या पंपाच्या निम्म्याहून कमी पैशात होतं.

तीन गोष्टी मात्र सोडू नका.
१. पंपाची वीज इमारतीच्या मेन स्विचच्या आधीपासून स्वतंत्र हवी. आग लागली की पहिल्यांदा मेन पाडतात. पंप त्याच मेनवर असेल तर तोही गेला.
२. गच्चीवर पंपाच्या पुढे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा. तो नसेल किंवा उघडा अडकला असेल तर खाली बंबाने इनलेटमधून भरलेलं पाणी टाकीत जाऊन वाहून जातं, हायड्रंटला प्रेशरच येत नाही.
३. घरगुती पाणी याच टाकीतून घेत असाल तर तो आउटलेट फायरच्या साठ्याच्या पातळीच्या वर हवा. 900 एलपीएमला 25,000 लिटर सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं पुरतात. टाकी निम्मी असेल तर पंधरा मिनिटंसुद्धा नाहीत.

गृहिणी_मंच_ठाणे
पंप वगैरे ठीक, पण पंप चालवणार कोण? प्रत्येक घरात फायर बॉल ठेवा. आगीत टाकला की फुटतो, शिकवावं लागत नाही. आम्ही तेच घेतले.

सिलिंडर_तपासनीस
ताई, बॉल बंदिस्त छोट्या जागेत थोडाफार चालतो, पण फॉर्म बीसाठी तो सिलिंडरच्या जागी धरत नाहीत. कढईतल्या तेलावर तर मुळीच टाकू नका, तेल उडेल. तिथे गॅस बंद करायचा आणि घट्ट बसणारं झाकण किंवा फायर ब्लँकेट. पाणी नाही.

सचिवसाहेब, 18 सिलिंडर नवे कशाला? प्रत्येकावरचं उत्पादन वर्ष वाचा. पावडरच्या सिलिंडरचं आयुष्य आयएस 2190 या भारतीय मानकानुसार 10 वर्षं आणि दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी). दहाच्या आतले रिफिल करा, बाहेरचे बदला. प्रेशरचा काटा हिरव्यात आहे म्हणून आत सगळं ठीक असतं असं नाही. खाली बसून घट्ट झालेली पावडर काट्यावर कळत नाही. सीओटूला काटाच नसतो, त्याचं वजन करावं लागतं. भरलेल्या वायूच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घट आली की रिफिल. मीटर रूमच्या दाराबाहेर साडेचार किलोचा सीओटू, मजल्यांवर 6 किलोचा एबीसी पावडरचा. दाराबाहेर म्हणजे बाहेरच. आत ठेवलेला आगीच्या वेळी हाताला लागत नाही.

वायरमन_कल्याण
सगळे विझवण्याबद्दल बोलताय. आग लागते मीटर रूममधून आणि केबलच्या उभ्या डक्टमधून. दीड लाखातले निदान पन्नास हजार तिथे घाला.

संध्याकाळी सात ते दहा, एसी चालू असताना, थर्मल कॅमेऱ्याने बसबार (वीज वाटणाऱ्या पट्ट्या) आणि केबलचे जोड बघून घ्या. सैल लग (केबलच्या टोकाची जोडणी) लगेच दिसतो. घरांमध्ये एमसीबी सारखा पडतो म्हणून 16 ॲम्पचा काढून 32 चा टाकलेला असतो. 2.5 स्क्वेअर मिमीची वायर त्यावर तापत राहते आणि एमसीबी पडत नाही. आरसीसीबी (वीज गळती झाली की पडणारा स्विच) 30 मिलीॲम्पचा लावा, पण तो ओव्हरलोड बघत नाही, एमसीबी वेगळा लागतोच.

डक्टमध्ये प्रत्येक स्लॅबला केबलभोवतीचं भोक बंद हवं. रॉकवूल आणि फायर सीलंट किंवा फायर मॉर्टर. हार्डवेअरमधला पिवळा स्प्रे फोम भरू नका, तो स्वतःच पेट घेतो. आठ स्लॅबचं काम आहे, फार पैसे लागत नाहीत.

हाइट्स_बी_विंग
म्हणूनच म्हणतोय, डक्टमध्येही डिटेक्टर लावा.

कागदपत्र_पुणे
फॉर्म बीबद्दल कोणीच नीट सांगत नाहीये. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार जबाबदारी मालक-भोगवटादाराची, म्हणजे सोसायटीची. जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा, परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यायचं. परवाना राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाचा. त्याची मुदत आणि तो कोणत्या कामांसाठी आहे, दोन्ही वाचा. काही जण नुसत्या सहीचे पैसे घेतात, पंपाकडे फिरकत नाहीत. असा कागद घेऊ नका. वर्क ऑर्डरमध्येच लिहा: सातव्या मजल्यावर समितीसमोर चाचणी, गेजचा फोटो, मगच शेवटचा हप्ता. आणि नोटिशीला आजच लेखी उत्तर द्या, कामांचं वेळापत्रक जोडून. गप्प बसलात तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत जाऊ शकतं.

फॉर्म बी म्हणजे आहे ती यंत्रणा चालू असल्याचा दाखला. इमारतीत धोका कुठे आहे हे त्यातून कळत नाही, त्यासाठी फायर ऑडिट वेगळं.

सेवानिवृत्त_अग्निशामक
धोका कुठे आहे ते मी सांगतो. स्टिल्टमध्ये जिन्याच्या पायथ्याशी. ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग खाली पार्किंगमध्ये लागली आणि धूर जिन्याने वर चढला. तुमची इमारत त्याच प्रकारची आहे.

जिन्याच्या तोंडाशी एकही दुचाकी नको. चार्जिंगला लावलेली तर नाहीच नाही. जिन्याखाली गाद्या, रंगाचे डबे, जुने सोफे असतील तर आजच काढा, त्याला एक रुपया लागत नाही. लँडिंगच्या खिडक्यांना सरकत्या काचा लावून पाऊस अडवला असेल तर त्या काढून लूव्हर (तिरप्या उघड्या पट्ट्या) लावा, धुराला वाट हवी. फायर डोअर असतील तर कुंडी किंवा वीट लावून ती उघडी ठेवलेली असतात, ते बंद करा. बाल्कनीच्या ग्रिलला आतून उघडणारी दोन बाय दोन फुटांची खिडकी हवी, तिला कुलूप असेल तर किल्ली तिथेच टांगलेली.

रहिवाशांना एवढं शिकवा: दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपा. गरम असेल किंवा बाहेर धूर असेल तर जिन्यात पाऊल टाकू नका. दार लावा, फटीत ओले टॉवेल, रस्त्याकडच्या खिडकीत उभे राहा, 101 ला मजला आणि फ्लॅट नंबर सांगा. लिफ्ट नाही. जिना स्वच्छ असेल तर खाली उतरा.

गृहिणी_मंच_ठाणे
आणि गच्ची? वर पळायला नको का?

सेवानिवृत्त_अग्निशामक
धुरातून वर जाणं सर्वात वाईट, धूरही वरच चाललेला असतो. पण सहाव्या-सातव्याची माणसं घाबरून वर जातातच, त्यामुळे गच्चीचं दार कुलूपबंद नको. आतून ढकलून उघडेल अशी पॅनिक बार लावा. दार उघडलं की जिन्यातला धूरही बाहेर पडायला वाट होते.

पाइप_आणि_पंप
सहमत. शिवाय पंप गच्चीवर आहे. कुलूप असेल तर पंपापर्यंत जाणार कसं?

वायरमन_कल्याण
कुलूप नकोच.

सिलिंडर_तपासनीस
कुलूप नकोच, मीही तेच म्हणतो.

सचिव_डोंबिवली
सर्वांचे आभार. काल चाचणी घेतली. शाफ्ट जाम, पॅनल मॅन्युअलवर, पंप घरगुती मेनवरच. दोन होज घडीवर कुजलेले, तीन मजल्यांवर ब्रांच पाइप नाहीत, पितळेचे होते. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आहे, पण उघडाच अडकलेला. दुसऱ्या परवानाधारक एजन्सीकडून पंप दुरुस्ती, स्वतंत्र वीज, व्हॉल्व्ह, होज आणि ब्रांच मिळून 94,000. मुदत संपलेले सिलिंडर बदलणे आणि बाकीचे रिफिल 21,000. डक्ट सीलिंग 18,000. चार्जिंग कंपाउंडच्या भिंतीकडे नेतो. एकूण 1,33,000. सायरन आणि डिटेक्टर पुढच्या वर्षी.

गच्चीला कुलूप राहणार. मागच्या दोन चोऱ्या गच्चीवरून झाल्या, सभासद ऐकत नाहीत. दाराशेजारी काचेच्या पेटीत किल्ली ठेवू.

सेवानिवृत्त_अग्निशामक
हे मला मान्य नाही. जाड धुरात काचपेटी दिसत नाही आणि हाताला किल्ली लागली तरी कुलूप सापडत नाही. पॅनिक बारला बाहेरून हँडल नसतं. गच्चीवर उतरलेला चोर जिन्यात येऊ शकत नाही, आतला माणूस मात्र ढकलून बाहेर पडतो. तुमच्याकडे 17,000 उरतात, त्यात बार आणि डोअर क्लोजर दोन्ही बसतील. सभेत दार उघडून दाखवा. तोवर कुलपाची दुसरी किल्ली वॉचमनकडे आणि तिसरी सातव्या मजल्यावर ठेवा.