प्रार्थनेला शब्द फुटत नसतील तर

संकटात प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत, असा प्रश्न आहे. तेव्हा स्वतःचे शब्द शोधत बसू नका, बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत 'कुठवर' हा सवाल चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणं, शेवटी भरवसा. बरेच जण तक्रार म्हणजे अविश्वास समजून थेट पाचव्या वचनावर उडी मारतात. मग भरवसा ओठांवरच राहतो. तक्रारीपाशी थांबा, कर्ज, आजार, जे असेल ते नाव घेऊन सांगा. भरवशापर्यंत मन पोचलं नाही तरी चालेल. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. आणि हो, जेवण-झोप सोडू नका. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. दोनदा उठवून खायला लावलं (बायबलमधलं १ राजे हे पुस्तक, अध्याय १९).