सरकारी नोकरीतल्या आया: त्यांचं काम नेमकं कसं चालायचं? (अनुभव धागा)

कवडसा
काल शेजारच्या बाळाचं लसीकरणाचं कार्ड हातात आलं आणि आई आठवली. आई जिल्हा परिषदेत आरोग्यसेविका. १९९४ ला निवृत्त झाली, यंदा नव्वदीच्या उंबरठ्यावर गेली. शोकसभेत सगळे 'प्रेमळ', 'सेवाभावी' म्हणाले आणि ते शंभर टक्के खरं होतं. पण ती दिवसभर हातांनी काय करायची, ते कुणी बोललं नाही. ते कुठेतरी लिहून राहावं म्हणून हा धागा. आपापल्या आईचं काम लिहा, जितकं बारीक तितकं चांगलं.

मी सुरुवात करते. काचेच्या सिरिंजा. नळी आणि दट्ट्या दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असायचा. उकळताना ते सुटे करायचे आणि नंतर जोड्या जुळवायच्या. नंबर चुकला की दट्ट्या सैल बसतो, औषध मागे झिरपतं आणि बाळाला डोस कमी जातो. सिरिंज गार पाण्यातच ठेवून मग स्टोव्ह पेटवायचा. गरम पाण्यात टाकली की तडकलीच. प्रत्येक नळी गॉजमध्ये गुंडाळलेली. पाण्याला उकळी फुटल्यापासून २० मिनिटं, त्याआधीची मिनिटं धरायची नाहीत. पाणी जड असेल तर काचेवर पांढरा थर चढतो, दट्ट्या अडकतो. म्हणून आई एकदा उकळून निवळलेलं पाणी वेगळं ठेवायची.

सुया पुन्हा पुन्हा वापरायच्या, त्यामुळे टोक आकड्यासारखं वळायचं. तपासायची पद्धत अशी: सुई कापसावरून हलकी ओढायची, तंतू अडकला तर ती सुई बाजूला. बारीक दगडावर धार लावून, आतून तार फिरवून मगच परत वापरात. बाळ कमी रडावं यासाठीचा हा सगळा खटाटोप होता.

देवचाफा
कवडसाताई, आईंना नमस्कार. वाचताना स्टोव्हचा आवाज आला कानात. उकळून झाल्यावर चिमट्याने काढायच्या ना? तो चिमटा कुठे ठेवायच्या?

कवडसा
चिमटाही त्याच भांड्यात उकळायचा, मूठ बाहेर राहील असा. पाणी आधी ओतून टाकायचं, झाकण तिरकं धरून. हात आत घालायचाच नाही. १९८५ ला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आल्यावर प्रेशर कुकरसारखा स्टरिलायझर मिळाला, त्यात सिरिंजांना खाचा असलेली जाळी. आईला तो फार आवडला, कारण सुया घरंगळत नसत.

रानजाई
माझी आईपण एएनएम, म्हणजे आरोग्यसेविकाच, उपकेंद्रावर. मैदानी भागात एका उपकेंद्राला ५००० लोकसंख्या, आदिवासी आणि डोंगरी भागात ३०००. कागदावर हे सोपं वाटतं. चार पाड्यांत ३००० माणसं पसरलेली असली की पायाला कळतं.

शीतसाखळीबद्दल, म्हणजे लस बाळापर्यंत थंड ठेवण्याबद्दल, लिहायलाच हवं. लस न्यायच्या डब्यात, कॅरियरमध्ये, चार बाजूंना चार आइसपॅक. लोकांना वाटतं बर्फ जितका कडक तितकी लस चांगली राहते. उलट आहे. पोलिओ आणि गोवरची लस उष्णतेने जाते, पण डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि टीटी (धनुर्वात) या लसी गोठल्याने जातात. म्हणून डीप फ्रीजरमधून काढलेले पॅक लगेच भरायचे नाहीत. बाहेर टेबलावर मांडायचे, वरून घाम सुटला पाहिजे आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी वाजलं पाहिजे. मगच कॅरियरमध्ये. तरीही बाटल्या पिशवीत घालून मध्यभागी, पॅकला चिकटू द्यायच्या नाहीत. घाईची सकाळ, एसटी सुटायला आलेली, आणि आई पॅक कानाला लावून उभी. पॅकमध्ये पाणी खुणेपर्यंतच भरायचं, गोठल्यावर फुगतं. मीठ घालायचं नाही, तापमान शून्याच्याही खाली जातं.

डीपीटी गोठून गेल्याचा संशय आला तर शेक टेस्ट. त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवायची, ती आणि संशयित बाटली एकत्र हलवून शेजारी शेजारी ठेवायच्या. गोठलेल्या लसीत कण फाटलेल्या दुधासारखे दिसतात आणि अर्ध्या तासाच्या आत खाली बसतात, वर पाणी निवळतं. संशयित बाटलीही तशीच वागली तर सगळी बॅच बाद.

सुपारीफूल
बीसीजीचं, क्षयाच्या लसीचं, राहिलं रानजाई! स्पिरिटने दंड पुसायचा नाही, जिवंत लस आहे, स्पिरिटने मरते. साध्या स्वच्छ पाण्याने पुसायचं. डाव्या दंडावर, त्वचेच्या आतल्या आत, ५ मिमीचा फुगवटा आला तरच बरोबर. दोन-तीन आठवड्यांनी तिथे फोड येतो, पिकतो, मग आपोआप खूण पडते. माझी आई प्रत्येक बाळंतिणीला हे आधीच सांगायची, नाहीतर घरात हळद, मलम, पोटीस सगळे प्रयोग सुरू होतात. आधी सांगून ठेवलं की पुढच्या डोसला बाई परत येते. नाही सांगितलं की 'नर्सबाईने पोराला जखम केली' म्हणून अख्खी आळी दार लावून घेते.

रानजाई
@सुपारीफूल अगदी अगदी! आणि बीसीजी, गोवरच्या लसीची पावडर द्रावणात कालवल्यावर ती फक्त चार तास वापरायची. उरली तर फेकायची, कितीही जीव तुटला तरी. या लसींत जंतू रोखणारं रसायन नसतं, उघड्या बाटलीत जंतू वाढले तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. सोबतचं द्रावणही थंडच हवं. आई बाटलीच्या लेबलवर उघडल्याची वेळ लिहायची.

सह्यवारा
विषय थोडा बदलतो. आई प्राथमिक शिक्षिका. शिकवण्याबद्दल इतर लिहितीलच, मी जनगणनेबद्दल लिहितो, कारण ते काम शिक्षिकांच्या खात्यावर कुणी जमाच करत नाही.

आधी आपल्या गटाचा, म्हणजे मोजणीसाठी वाटून दिलेल्या भागाचा, नजरी नकाशा. उत्तर वर, रस्ता, विहीर, देऊळ, मग घरांना क्रमाने नंबर. एक गोठा राहणीचा आहे की नुसता गुरांचा, हे विचारल्याशिवाय कळत नाही. २०११ ला प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी, २८ च्या रात्री उघड्यावर झोपणाऱ्यांची नोंद, आणि १ ते ५ मार्च पुन्हा फेरी: मधल्या काळात कुणी जन्मलं, कुणी गेलं का. हिशोबाचा क्षण १ मार्चची मध्यरात्र. २८ ला रात्री अकराला जन्मलेलं बाळ मोजायचं, साडेबाराला जन्मलेलं नाही.

सगळ्यात नाजूक प्रश्न कामाचा. घरातला पुरुष सांगणार, 'ती काही करत नाही, घरीच असते.' १९९१ पासून प्रश्नातच घातलं होतं की शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनमोबदल्याचं कामही धरायचं. आई म्हणून बाईलाच विचारायची, आणि 'काम करता का' असं नाही. 'खुरपणीला कोण जातं? धारा कोण काढतं? दूध डेअरीला घालता का? किती महिने?' सहा महिने किंवा त्याहून जास्त भरले तर मुख्य काम करणारी, कमी असेल तर सीमांतिक. नीट विचारलं नाही तर बाई वर्षभर राबूनही काम न करणाऱ्यांत जाते. हे तिला फार लागायचं.

अबोली
सह्यवारा, शेवटचा परिच्छेद सेव्ह करून ठेवला. 🙏

आई अंगणवाडी सेविका होती. सरकारी कर्मचारी नव्हे हां, 'मानसेवी'. पगार नाही, मानधन. त्यामुळे या धाग्यात बसते का माहीत नाही पण लिहिते. वजनाचा काटा आढ्याला टांगायचा, तबकडी डोळ्याच्या रेषेत. आधी रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणायचा. हे विसरलं की प्रत्येक मुलाचं वजन झोळीइतकं जास्त येतं आणि कमी वजनाचं मूल तक्त्याच्या हिरव्या, म्हणजे 'ठीक'च्या, पट्ट्यात दिसतं. मुलाचे पाय जमिनीला किंवा भिंतीला टेकता कामा नयेत. रडणाऱ्या मुलाचा काटा हलत राहतो, थांबेपर्यंत वाचायचा नाही. दर महिन्याला तक्त्यावर टिंब, टिंबं जोडून रेघ. एका महिन्याचा आकडा आईला फारसा महत्त्वाचा वाटत नसे. रेघ आडवी झाली की ती त्या घरी जायची. बहुतेक वेळा जुलाब झालेले असत किंवा दुसरं बाळ आल्यामुळे याचं दूध तुटलेलं असे.

देवचाफा
बसते म्हणजे काय, तिथेच बसते! २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनीसांना १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी लागू होते असा निकाल दिला ना.

अबोली
हो, एप्रिल २०२२. उशिरा का होईना.

जुनी_वही
दळण आणायला निघालेय, पटकन लिहिते. आई ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन जोडून देणाऱ्या केंद्रात, ऑपरेटर. समोर बोर्ड, त्यात भोकांच्या रांगा, टेबलावर दोऱ्यांच्या जोड्या. दिवा लागला की मागची दोरी त्या भोकात, कळ बोलण्याकडे, 'नंबर प्लीज'. तिकिटावर कुठून, कुठे, साधा की अर्जंट की लाइटनिंग, पीपी (ठरावीक माणसाशीच बोलायचा कॉल) असेल तर माणसाचं नाव. मग पुढची दोरी पलीकडच्या गावाच्या लाइनला. दोघं बोलायला लागले की वेळ टाकून कळ बंद, ऐकत बसायचं नाही. तीन मिनिटांचा हिशोब. पीपी कॉलला 'ती व्यक्ती स्वतः फोनवर आली का' याची खात्री करूनच वेळ सुरू करायची, त्याआधी नाही. गडबड इथेच व्हायची आणि तक्रारीही इथल्याच. 'मयत' हा शब्द ऐकला की आई रांग बघून तो कॉल कसा लवकर लागेल ते पाही, पण तिकिटावरचा वर्ग बदलत नसे.

बोरकांडी
@जुनी_वही आई आहेत अजून? किती वय?

जुनी_वही
आहे, ८६ पूर्ण. कान अजून तिखट.

बोरकांडी
मग एक काम आजच करा. केंद्राच्या पेन्शनधारकांना ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या २०% जादा, ८५ ला ३०%, ९० ला ४०%, ९५ ला ५०% आणि १०० ला दुप्पट. पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) जन्मतारीख नसेल किंवा चुकीची असेल तर बँकेचं सॉफ्टवेअर वाढ लावतच नाही, आणि कुणी सांगतही नाही. पासबुकात ८० व्या आणि ८५ व्या वाढदिवसाच्या महिन्यातली रक्कम तपासा. वाढ लागलेली नसेल तर जन्मतारखेच्या पुराव्यासह अर्ज, मागची थकबाकीही मिळते. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हेच लागू. राज्याच्या आणि जिल्हा परिषदेच्या पेन्शनचे नियम वेगळे, ते आपल्या कोषागारात विचारा.

जुनी_वही
बापरे. आजच बघते. हयातीचा दाखला मात्र देतो दर नोव्हेंबरला. ठसे उमटत नाहीत तिचे.

बोरकांडी
वयाने आणि भांडी-धुण्याने बोटांच्या रेषा झिजतात. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय २०२१ पासून आहे, घरी मोबाइलवर होतं. खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसवायचं, चष्मा काढून, पापणी मिटायला सांगितलं की मिटायची. पाठीमागे उजेड असेल तर होत नाही. ८० वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरची गर्दी टाळा.

उत्तरा
मूळ विषयावर येते. या सगळ्या आया होत्या, त्यांची स्वतःची बाळं कुठे होती? केंद्रात बाळंतपणाची रजा १९९७ पर्यंत ९० दिवस होती, मग १३५, आणि २००८ पासून १८०. ९० दिवसांत बाळ अजून मानसुद्धा नीट धरत नाही. माझी आई पोस्टात. सकाळी दूध काढून उकळलेल्या झाकणीच्या वाटीत, घरातल्या गार कोपऱ्यात. चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजायचं. बोंडलं तिने मुद्दाम बंद केलं होतं, चोचीत दूध अडकतं, घासणी पोचत नाही आणि जुलाब होतात. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन पाजायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत छातीत गाठी, ताप. काउंटरवर बसलेल्या बाईला हे कुणाला सांगताही यायचं नाही. पदर घट्ट घेऊन बसायची.

सुपारीफूल
उत्तरा 😢 हे कुठल्याच निरोप समारंभात येत नाही.

सह्यवारा
कवडसाताई, आईंचं सेवापुस्तक मिळवलंत का? सगळ्या नेमणुका, बदल्या, रजा त्यात तारखेसह असतात. पहिल्या पानावर उंची, ओळखखूण, अक्षरी जन्मतारीख आणि डाव्या हाताच्या बोटांचे ठसे.

कवडसा
दुय्यम प्रत घरी नाही. मूळ तालुक्याच्या कार्यालयात असेल कदाचित. देतात का ते?

सह्यवारा
माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, प्रतीचे पानाला २ रुपये. अर्जात पूर्ण नाव, पदनाम, शेवटचं ठिकाण, निवृत्तीची तारीख आणि पीपीओ नंबर. नुसतं 'माझ्या आईचं सेवापुस्तक' लिहिलं तर त्रयस्थाची वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात. मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा सोबतच जोडा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाहीतर पहिलं अपील. निवृत्तीला तीस वर्षं होऊन गेलीत, जुने कागद ठरावीक मुदतीनंतर काढून टाकतात, तेव्हा थांबू नका.

बोरकांडी
आणि अर्जात 'अभिलेख पाहणी'ही मागा, म्हणजे स्वतः जाऊन पानं बघता येतात. पहिल्या पानाची झेरॉक्स घेऊ नका, जुनी फिकी शाई आणि ठसे काळ्या डागासारखे येतात. रंगीत स्कॅन मागा.

देवचाफा
सह्यवारा, माझी आई ग्रामसेविका होती, तिचं कुठे विचारू? पंचायत समिती की जिल्हा परिषद?

सह्यवारा
शेवटची नेमणूक ज्या पंचायत समितीत, तिथे आधी. ते नसेल म्हणाले तर अर्ज योग्य कार्यालयाकडे पाच दिवसांत वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.