शब्दचर्चा : 'पिस ऑन पिटी'ला मराठीत काय म्हणाल?

कृष्णाकाठ (सांगली): ३ डिसेंबरच्या, जागतिक अपंग दिनाच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेसाठी बार्बरा लिसिकी यांची ओळख मराठीत लिहितोय. व्हीलचेअर वापरणाऱ्या ब्रिटिश विनोदी कलाकार, रंगमंचावरचं नाव वांडा बार्बरा. अपंगांना केविलवाणं दाखवून पैसे गोळा करणाऱ्या टीव्हीवरच्या टेलेथॉनविरुद्ध १९९० आणि १९९२ साली लंडनला निदर्शनं झाली, त्यांत या पुढे होत्या. १९९२ नंतर टेलेथॉन बंदच पडला. निदर्शकांच्या टी-शर्टांवर 'पिस ऑन पिटी' हे वाक्य होतं. मी लिहिलं, 'दयेवर मुततो आम्ही'. आयोजकांनी खोडून 'दया नको, हक्क हवेत' केलं. फारच सपक. काय करू?

मिरजेचा मास्तर: पत्रिकेवर 'मुततो'? पुढे शाळेची पोरं बसणार. 'दयेला तिलांजली' लिहा.

घाटमाथा (सातारा): मास्तर, तिलांजली मेलेल्या माणसाला देतात, तीही आदरानं. आणि मुळात दया कशाला? दया-क्षमा-शांती आपल्या देवघरातल्या. इथं कीव आहे. 'गेली चुलीत तुमची कीव!' आमची आजी असंच म्हणाली असती.

कृष्णाकाठ: कीव पटलं. पण चुलीत चावटपणा जातो. ती बाई हसवून टोचणारी आहे.

साधी वाचक: वर कुणी 'अपंग' लिहिलंय. आता दिव्यांग म्हणतात. २०१६ चा कायदाही तसाच आहे.

घाटमाथा: मराठी अनुवादात असेल. दिव्य म्हटलं की पुन्हा कीवच, फक्त हार घालून.

मिरजेचा मास्तर: 'अपांग' म्हणजे संस्कृतात डोळ्याचा कोपरा, कटाक्ष टाकतात तो. अपंग त्याच्याच जवळचा दिसतो. सुंदर शब्द आहे, टाकू नका.

साधी वाचक: मास्तर, माझा भाऊ कुबड्यांवर चालतो. त्याला कटाक्ष रोज मिळतात, एसटीत जास्तच. तो स्वतःला लंगडा म्हणतो, दुसऱ्यानं म्हटलं की मारायला धावतो. कोणता शब्द, यापेक्षा कोणाच्या तोंडी, हे बघा.

कृष्णाकाठ: लिसिकींचं नेमकं तेच. १९९३ साली 'डॅन' ही थेट कृतीची संघटना उभी करण्यात त्या होत्या. बसमध्ये चढता येत नाही म्हणून लोकांनी स्वतःला बेड्यांनी बसलाच जखडून घेतलं. १९९५ ला तिकडे भेदभावविरोधी कायदा झाला. आपला अपंगांच्या हक्कांचा पहिला मोठा कायदाही १९९५ चाच. आता 'विनोदी कलाकार आणि कार्यकर्त्या' लिहिलंय, पण 'कार्यकर्त्या' वाचलं की गळ्यात पक्षाचा गमछा दिसतो.

घाटमाथा: 'चळवळ्या' लिहा. आणि विनोदी कलाकार कशाला, सोंगाड्या म्हणा की. तमाशातल्या, कवलापूरच्या काळू-बाळूंच्या जिल्ह्यात राहता ना?

मिरजेचा मास्तर: सोंगाड्याचं स्त्रीलिंग काय? तमाशात मावशीसुद्धा पुरुषच.

घाटमाथा: सोंगाडी. नसेल तर आजपासून आहे. पण एक सांगतो. पुसेगावच्या यात्रेत गौळणीतला पेंद्या लंगडत, बोबडं बोलत यायचा आणि तंबू हसून लोळायचा. करणारा धडधाकट. खरा लंगडा माणूस कनातीला टेकून बघत असायचा. ही बाई त्या पेंद्याच्या जागेवर स्वतः येऊन बसली, आणि आता हसं तंबूचं होतंय. पत्रिकेत एवढं लिहिलंत तरी पुष्कळ.

साधी वाचक: पेंद्या बिचारा कृष्णाचा सवंगडी, त्याला कशाला ओढता?

मिरजेचा मास्तर: 'पेंद्या' मुळात पेंढ्यावरून आला असावा. वाकडा, गवताच्या पेंढीसारखा.

घाटमाथा: पेंढी वाकडी कुठं असते मास्तर? कधी बांधलीय का?

कृष्णाकाठ: मंडळी, पत्रिका उद्या छापायला जातेय.

मिरजेचा मास्तर: जाऊ द्या. आमच्याकडे बांधलेली पेंढी वाकडीच पडते.